बायबलच्या वंशावळींतील हिब्रू नावांचा अर्थ कसा काढावा

‘१ इतिहास’ या पुस्तकाची पहिली नऊ प्रकरणे म्हणजे नावांची लांबच लांब रांग आहे. ‘आदाम, शेथ, अनोश’ अशी सुरुवात होते आणि क्रियापदही न येता पिढ्यांमागून पिढ्या सरकत जातात. बहुतेक वाचक इथे पाने उलटतात. मला मात्र ही पाने बायबलमधल्या सर्वांत जिवंत पानांपैकी वाटतात. हिब्रू नाव पुष्कळदा एक पूर्ण वाक्य असते. बाळ जन्मल्यावर घरातल्या कोणीतरी, अनेकदा आईने, ते देवाला उद्देशून म्हटलेले असते: देवाने ऐकले, परमेश्वराने दिले, माझा देव साहाय्य करणारा आहे. अशी शेकडो वाक्ये या याद्यांत नुसती पडून आहेत. ती वाचता यावीत म्हणून हिब्रूचे पंडित व्हायची गरज नाही. थोडी पद्धत आणि बराच धीर पुरतो.

साहित्य फार लागत नाही. मराठी बायबल, एक वही, आणि मूळ हिब्रू शब्द दाखवणारे एखादे संकेतस्थळ किंवा अॅप. यांपैकी बहुतेकांवर प्रत्येक हिब्रू शब्दाला ‘स्ट्राँग क्रमांक’ दिलेला असतो. १८९० साली प्रसिद्ध झालेल्या शब्दसूचीतले हे क्रमांक शब्द हुडकायला उत्तम आहेत. तिथे शेजारी दिलेला एका ओळीचा अर्थ मात्र अंतिम समजू नका. तो कच्चा माल आहे.

वहीत चार रकाने आखा: मराठी रूप, हिब्रू व्यंजने, नावाची घडण, आणि मजकुराने स्वतः दिलेले कारण. शेवटचे दोन रकाने वेगळे ठेवणे फार महत्त्वाचे आहे. नाव कोणत्या शब्दांपासून बनले हा एक प्रश्न, आणि कथा त्या नावाविषयी काय सांगते हा दुसरा. हे दोन प्रश्न एकत्र कालवले की पुढची बहुतेक गफलत तिथूनच सुरू होते.

पायरी १: मराठी रूपावरून हिब्रू व्यंजनांकडे जा

हिब्रू लिपीत बावीस अक्षरे आहेत आणि ती सगळी व्यंजने आहेत. आज छापील हिब्रू बायबलमध्ये अक्षरांखाली-वर दिसणाऱ्या स्वरखुणा मासोरेती (बायबलचा मूळ मजकूर जपणाऱ्या यहूदी) विद्वानांनी इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात घातल्या. शब्दाचा अर्थ सहसा तीन व्यंजनांच्या धातूत असतो. म्हणून आधी धातू शोधायचा.

मराठी वाचकाला इथे एक फायदा आहे. मराठी बायबलमधली रूपे इंग्रजीपेक्षा मुळाच्या बरीच जवळ आहेत. यहोशवा, यिर्मया, याकोब, योसेफ यांतला ‘य’ हिब्रूतलाच आहे. इंग्रजीतून येणाऱ्यांना ‘ज’ ओलांडून जावे लागते. केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत उतरवले, त्यामागची धडपड अशी नावे तपासताना फार जवळून कळते.

तरीही काही अक्षरे मराठीत हरवतात. अलेफ आणि आयिन ही कंठातली दोन व्यंजने आपल्याकडे नुसता स्वर होऊन बसतात. ‘हे’ आणि ‘हेथ’ ही दोन अक्षरे दोन्ही ‘ह’ होतात. त्सादे हे अक्षर कधी ‘स’ होते: पेरेस म्हणजे मुळात पेरेत्स, इस्हाक म्हणजे यित्सहाक. त्यामुळे मराठी अक्षरांवरून थेट अर्थ लावू नका, मूळ शब्द उघडून व्यंजने उतरवून घ्या.

आणखी एक सावधगिरी. रूथ ४:१९ मध्ये हेस्रोनाच्या मुलाचे नाव ‘राम’ आहे. हे हिब्रू राम, धातू ‘उंच असणे’, अर्थ ‘उंच, थोर’. अब्राम या नावातही तोच शब्द आहे. आपल्या रामाशी त्याचा फक्त उच्चार जुळतो. दोन भाषांतली अशी नावे शेजारी ठेवून इतिहास रचणारे लेख मराठीतही फिरतात. त्यांपासून दूर राहा.

पायरी २: देवाचे नाव वेगळे काढा

हा सगळ्यात आनंदाचा भाग, कारण दहा-बारा तुकडे ओळखता आले की शेकडो नावे उघडतात.

‘एल’ म्हणजे देव. तो आरंभी येतो किंवा शेवटी: एलीया, अलीशामा, इश्माएल, नथनेल. इस्राएलाच्या देवाचे खास नाव, ज्या जागी मराठी बायबल ‘परमेश्वर’ किंवा ‘यहोवा’ म्हणते, ते आरंभी ‘यहो-’ किंवा ‘यो-’ होते आणि शेवटी ‘-याहू’ किंवा ‘-या’. यहोशाफाट, योनाथान, यशया, जखऱ्या. क्वचित ‘शद्दय’ (सर्वसमर्थ) आणि ‘सूर’ (खडक) हे शब्दही देवासाठी येतात.

याच जागी नात्याचे शब्दही बसतात: ‘अबी’ माझा पिता, ‘अही’ माझा भाऊ, ‘अम्मी’ माझे लोक किंवा माझा आप्त. देवाला बाप आणि भाऊ म्हणून हाक मारण्याची ही फार जुनी पद्धत आहे.

आता उरलेला भाग. ‘नाथन’ म्हणजे दिले: नाथान, योनाथान, एल्नाथान, नथनेल, नथन्या. ‘शामा’ ऐकले: शिमोन, इश्माएल, शमाया. ‘हानन’ कृपा केली: हनन्या, योहानान, हन्ना. ‘आजर’ साहाय्य केले: अजऱ्या, एलाजार, एज्रा. ‘जाखर’ आठवण ठेवली: जखऱ्या. ‘हाजक’ बळकट केले: हिज्कीया. ‘यशा’ तारणे: यहोशवा, यशया, होशेय. एवढी यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ‘इतिहास’ आणि ‘नहेम्या’ वाचताना ती पुन्हा पुन्हा लागेल.

एल्नाथान आणि नथनेल यांत तेच दोन शब्द उलटसुलट आहेत, हे लक्षात आले असेल. अर्थ एकच, आपल्या देवदत्तासारखा. हा उलटा क्रम वंशावळींतली एक गाठ सोडवतो. यहूदा राज्याच्या शेवटच्या राजांपैकी एकाला एका ठिकाणी यहोयाखीन म्हटले आहे, दुसरीकडे यखन्या, आणि यिर्मया २२:२४ मध्ये हिब्रूत नुसते कोन्याहू. माणूस एकच. ‘परमेश्वर स्थिर करो’ या दोन शब्दांची ही तीन रूपे आहेत. तसेच २ इतिहास २१:१७ मधला यहोआहाज आणि पुढच्याच प्रकरणातला अहज्या हाही एकच राजा. वंशावळीत ‘वेगळी’ नावे दिसली की आधी हे तपासा. पुष्कळदा विरोध नसतोच.

आणि देवाचे नाव गळून गेलेली नावेही ओळखायला शिका. नाथान म्हणजे नुसते ‘त्याने दिले’. कोणी दिले हे घरच्यांना माहीत होते. आहाज राजाचे नाव बायबलमध्ये आखूड आहे, पण अश्शूरचा राजा तिसरा तिग्लथ-पिलेसर याच्या कोरीव लेखात खंडणी देणाऱ्यांत त्याचे पूर्ण नाव सापडते, आणि ते यहोआहाजच आहे.

या तुकड्यांवरून काळ आणि प्रदेशही थोडा समजतो. यहूदात, बाबेलच्या बंदिवासाच्या (यहूदी लोकांना बाबेलला धरून नेले त्याच्या) आधीच्या मातीच्या खापरांवर आणि शिक्क्यांवर ‘-याहू’ अशी शेवटे सापडतात. उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन, तिथे सापडलेल्या इसवी सनपूर्व आठव्या शतकातल्या खापरांवर तेच ‘-याव’ असे लिहिलेले आहे. बंदिवासानंतर ‘-या’ हे आखूड रूप रूढ झाले.

हे कान तयार झाले की आपल्या आसपासची नावेही बोलू लागतात. गोव्यातला ‘जुवांव’ हा पोर्तुगीज जुआंवमधून आलेला योहानानच आहे: परमेश्वराने कृपा केली. कोकणातले बेने इस्राएल यहूदी ज्या एलियाहू हन्नाबीचे (एलीया संदेष्ट्याचे) स्मरण करून मलिदा करतात, त्याचे नाव म्हणजे ‘माझा देव याह’; ‘याह’ हे परमेश्वराच्या नावाचे आखूड रूप. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर ‘सामाजी हसाजी’ म्हणूनही ओळखले जात. शमुवेल आणि यहेज्केल या नावांवर मराठी ‘जी’ लागला, आणि गावावरून आडनावाला ‘कर’.

पायरी ३: कथेने दिलेले कारण वाचा

आता चौथा रकाना. काही नावांपाशी मजकूर थांबतो आणि ‘म्हणून त्याचे नाव अमुक ठेवले’ असे सांगतो. हे कारण बहुतेक वेळा व्याकरणातून येत नाही, नादातून येते. हिब्रू कथाकाराला नादाची फार गोडी आहे, आणि ती गोडी कळली तरच ही वाक्ये नीट वाचता येतात.

उत्पत्ती २९ आणि ३० ही प्रकरणे या अभ्यासाची उत्तम शाळा आहे. लेआ ही याकोबाची नावडती बायको. पहिला मुलगा होतो, ती त्याला रऊबेन म्हणते. घडणीने हे ‘पाहा, मुलगा!’ असे उद्गारवाक्य आहे. कथा मात्र म्हणते, ‘परमेश्वराने माझे दुःख पाहिले’. हिब्रूत ‘राआ बेऑन्यी’. त्यात रऊबेनचीच व्यंजने घुमतात. पुढे शिमोन: मी नावडती आहे हे परमेश्वराने ऐकले. लेवी: आता नवरा माझ्याशी जडून राहील. चौथ्या वेळी यहूदा: आता मी परमेश्वराचे स्तवन करीन. चार नावे ओळीने वाचा. तीनदा नवऱ्याच्या प्रेमासाठी झुरणारी बाई चौथ्या वेळी त्याचा उल्लेखही करत नाही. वंशावळीत ‘रऊबेन, शिमोन, लेवी, यहूदा’ असे शुष्क दिसते, पण ती एका स्त्रीच्या मनाची वाटचाल आहे. याकोबाची दुसरी बायको राहेल, तिचा योसेफ तर दोन कारणे घेऊन येतो: देवाने माझी नामुष्की काढून टाकली (आसाफ), आणि परमेश्वर आणखी एक मुलगा देवो (योसेफ).

कधी कथेचे कारण आणि नावाची घडण उघडच जुळत नाहीत. हन्ना म्हणते, ‘मी परमेश्वराजवळ हा मागितला, म्हणून शमुवेल’ (१ शमुवेल १:२०). ‘मागणे’ या धातूपासून मात्र ‘शौल’ हे नाव होते, शमुवेल नाही. शमुवेल म्हणजे ‘त्याचे नाव एल’ अशी घडण दिसते. त्याच प्रकरणाच्या २८व्या वचनात तर ‘शाऊल’ हा शब्द हिब्रूत जसाच्या तसा येतो. पुढे हाच शमुवेल शौलाला राजा म्हणून अभिषेक करणार आहे, हे ध्यानात घेतले की या नादाचे वजन कळते. नोहाचेही तसेच: नाव ‘विसावा’ या धातूचे, आणि उत्पत्ती ५:२९ मधले कारण ‘हा आमचे सांत्वन करील’ या वेगळ्या धातूचे. मोशेचे नाव निर्गम २:१० ‘पाण्यातून ओढून काढणे’ या हिब्रू क्रियापदाशी जोडते. ते ठेवते मात्र मिसरी (इजिप्तची) राजकन्या, आणि मिसरी भाषेत ‘मूल’ या अर्थाचा याच ध्वनीचा शब्द थुतमोस वगैरे राजांच्या नावांत आहे.

अशा वेळी ‘बायबल चुकले’ असे लिहू नका, आणि ओढूनताणून दोन्ही एक करायलाही जाऊ नका. दोन रकान्यांत दोन गोष्टी लिहा.

यादीत मध्येच अशी कथा डोकावते तिथे तर अवश्य थांबा. १ इतिहास ४:९ मध्ये नावांच्या गर्दीत एकदम याबेस येतो. आईने हे नाव ठेवले, कारण तिला त्याच्या वेळी फार वेदना झाल्या. ‘वेदना’ शब्दाची व्यंजने आयिन, त्सादे, बेथ; याबेसात तीच आयिन, बेथ, त्सादे अशी जागा बदलून आली आहेत. लगेच पुढच्या वचनात तो मुलगा ‘मला दुःख होऊ नये’ अशी प्रार्थना करतो. जणू नावात जागा बदललेली अक्षरे तो आयुष्यातही बदलून मागतो.

पायरी ४: नाव हिब्रूच आहे का, आणि ते माणसाचेच आहे का?

लेव्यांच्या वंशावळीतला फिनहास मिसरी आहे, अर्थ ‘नूबियाचा, सावळा’. जरूब्बाबेल हे अक्कादी, म्हणजे बाबेलच्या भाषेतले नाव, ‘बाबेलचे बीज’. दावीदाच्या घराण्याचा वारस बंदिवासात जन्मला, त्याची खूण त्याच्या नावातच राहिली. अशा नावांवर हिब्रू धातू लादलात तर हाच इतिहास पुसला जातो.

उत्पत्ती १० मध्ये तर बरीच नावे देशांची आणि लोकांची आहेत. ‘-ईम’ हे हिब्रू अनेकवचन दिसले (लूदीम, कित्तीम) की समजा, तो लोकसमूह आहे. मिस्राईम म्हणजे मिसर देश. सीदोन हे नगर. याफेथाचा मुलगा यावान म्हणजे आयोनिया, ग्रीक लोक. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे: प्राचीन फारसीतला ‘यौन’ आणि संस्कृतातला ‘यवन’ हे त्याच आयोनियाचे नाव. इथे साम्य खरे आहे, कारण एकाच लोकांना पूर्वेकडच्या अनेक भाषांनी एकाच नावाने हाक मारली. रामाच्या उदाहरणाशी ताडून पाहा, म्हणजे खरे नाते आणि योगायोग यांतला फरक कळेल.

प्राणी-वनस्पतींची नावे असली तर सुटसुटीतपणे तशीच लिहा. राहेल मेंढी, दबोरा मधमाशी, योना पारवा, तामार खजुराचे झाड.

पायरी ५: समांतर याद्या शेजारी ठेवा

शौलाचा एक मुलगा २ शमुवेलात ईश-बोशेथ आहे आणि १ इतिहास ८:३३ मध्ये एश्बाल. योनाथानाचा मुलगा एकीकडे मफीबोशेथ, दुसरीकडे मरीब्बाल. ‘बोशेथ’ म्हणजे लज्जा. ‘बाल’ म्हणजे धनी, आणि तेच कनानी देवाचे नाव. कोणीही बाप मुलाचे नाव ‘लज्जेचा माणूस’ ठेवणार नाही. बालाचे नाव तोंडी येऊ नये म्हणून नंतरच्या लेखकांनी ते बदलले, असे अभ्यासक मानतात. म्हणजे जुने रूप इतिहासाच्या वंशावळीने जपले. खिर्बेत कैयाफा येथे सापडलेल्या आणि २०१५ मध्ये वाचन प्रसिद्ध झालेल्या एका रांजणावर ‘एश्बाल बेन बेदा’ (बेदाचा मुलगा एश्बाल) असे कोरले आहे. माणूस दुसरा, पण नाव खरोखर वापरात होते याचा तो पुरावा.

पायरी ६: ‘गुप्त संदेश’ तपासा

उत्पत्ती ५ मधल्या दहा नावांचे अर्थ जोडले की येशूविषयी एक पूर्ण वाक्य तयार होते, असा मजकूर समाजमाध्यमांवर आणि प्रवचनांत वर्षानुवर्षे फिरतो आहे. श्रद्धेने पुढे पाठवणाऱ्यांच्या भावनेबद्दल मला आदर आहे, म्हणूनच तो नीट तपासायला हवा.

आदाम: माणूस, ‘अदामा’ म्हणजे माती, तिच्याशी जोडलेला. शेथ: ‘देवाने दिला, नेमला’, उत्पत्ती ४:२५ तसेच सांगते. अनोश: मर्त्य माणूस. इथपर्यंत ठीक. केनानचा अर्थ ‘शोक’ सांगतात, कारण ‘कीना’ म्हणजे विलाप; पण हे नाव काइनच्या नावाशी अधिक जवळचे दिसते आणि अर्थ पक्का नाही. महललेल म्हणजे ‘देवाची स्तुती’. संदेशात त्याचा ‘धन्य देव’ होतो. यारेद ‘उतरण’, त्याचे ‘खाली येईल’ होते. हनोख अर्पण किंवा दीक्षा देण्याच्या धातूचा. हनुक्का हा यहूदी सणाचा शब्द त्याच धातूचा. मथुशलहचे ‘त्याचा मृत्यू आणील’ असे करतात, पण ‘मतू’ हा ‘माणूस’ या अर्थाचा जुना शब्द आहे आणि ‘शेलह’ हे शस्त्र. म्हणजे ‘भाल्याचा माणूस’. लामेखचा अर्थ ‘निराश’ असा कोणत्याही हिब्रू धातूने निघत नाही. दहापैकी निम्मी नावे वाकवल्याशिवाय वाक्य होत नाही.

याउलट १ इतिहास २५:४ पाहा. मंदिरातला गायक हेमान याचे मुलगे: हनन्या, हनानी, अलियाथा, गिद्दल्ती, रोममती-एजेर... यांतली काही नावे ‘मी’ची क्रियापदे आहेत, आणि माणसाचे नाव असे सहसा नसते. ‘कृपा कर, याह, माझ्यावर कृपा कर, तू माझा देव, मी थोर मानले, मी उंचावले...’ शेवटची नऊ नावे मिळून एका स्तोत्राची ओळ असावी, असे अनेक अभ्यासकांना वाटते. इथे अक्षर वाकवावे लागत नाही, आणि यादीही गायकांचीच आहे. खरा सुगावा कसा असतो ते या दोन याद्या शेजारी ठेवून शिका.

पायरी ७: एक यादी पूर्ण करून पाहा

रूथ ४:१८-२२ घेऊ. पेरेस: फट, भगदाड, जन्माची कथा उत्पत्ती ३८:२९ मध्ये. हेस्रोन: बहुधा ‘कुंपण, वाडा’ या शब्दाचा. राम: उंच. अम्मीनादाब: माझा आप्त उदार आहे. नहशोन: ‘नाहाश’, साप, त्यापासून. सल्मोन: हिब्रूत २०व्या वचनात सल्मा आणि २१व्यात सल्मोन, दोन्ही नोंदवा. बवाज: ‘त्याच्यात बळ’ हा पारंपरिक अर्थ, खात्री नाही. ओबेद: सेवा करणारा, भक्त. इशाय: अनिश्चित. दावीद: बहुधा ‘प्रिय’. हिब्रूत प्रत्येक अक्षराला संख्येचे मूल्यही असते; त्याच्या तीन व्यंजनांची बेरीज ४, ६, ४ मिळून १४ होते, आणि मत्तय १:१७ येशूची वंशावळ चौदा-चौदा पिढ्यांत मांडतो, त्याचा या बेरजेशी संबंध अनेक जण जोडतात.

दहांत तीन ठिकाणी ‘बहुधा’ किंवा ‘अनिश्चित’ आले आणि एकाची खात्री नाही. हे प्रमाण लपवू नका. मुलाचे नाव ठेवायला किंवा प्रवचनात सांगायला अर्थ हवा असला की रिकामा रकाना भरून टाकायचा मोह होतो. तो रिकामाच राहू द्या.

यानंतर गणना १:५-१५ स्वतः सोडवा. बारा सरदार आणि त्यांचे बाप, एकूण चोवीस नावे. एलीसूर, सूरीशद्दय, पदासूर, अम्मीशद्दय ही आधी घ्या, कारण वरचे तुकडे तिथे थेट बसतात. मग नथनेल, अलीशामा, अहीएजेर. संपूर्ण यादीत ‘-या’ किंवा ‘यहो-’ असलेले एकही नाव सापडणार नाही. हे वहीत ठळक लिहून ठेवा, आणि मग नहेम्या ८:४ मध्ये एज्राच्या उजव्या-डाव्या बाजूला उभ्या असलेल्या माणसांची नावे काढून त्यांतली ‘-या’ मोजा.